सेप्टाला न्यायला कोण येणार

डब्लिन,
१४ सप्टेंबर २००९

प्रिय ब्रीदी,

शनिवारी संध्याकाळी आई आपले केस धुवायची, आठवतं? अंगणातल्या पिंपातलं पावसाचं पाणी किटलीत तापवायची, आणि मग आपण दोघी चुलीकडे पाठ करून बाकावर बसायचो. केस वाळेपर्यंत उठायचं नाही. तू मोठी, म्हणून माझा गुंता तू काढायचीस, आणि मी ओरडले की कंगव्यानेच टप्पल द्यायचीस. "उद्या मिस्सेला अशी झिपरी जाणार का?" चुलीतल्या पीटच्या मातीच्या धुराचा वास दुसऱ्या दिवशी चर्चमध्येसुद्धा केसांना यायचा. त्या संध्याकाळी कधीच काही घडलं नाही. म्हणूनच बहुतेक अजून आठवतात.

फोनवर तू नुसतं "काय? काय?" करतेस, म्हणून लिहिते आहे. बसून वाच.

उन्हाळ्यात पोट दुखतं म्हणत होते ना, ते स्वादुपिंडाचं निघालं. कॅन्सर. माझाच जुना विद्यार्थी हॅल्पिन, त्याने तपासलं. बिचारा माझ्याकडे बघेना. शेवटी मीच म्हटलं, "अरे, खुर्ची ओढ. वाईट बातमी बसून सांगायची, हे मीच शिकवलं होतं ना तुम्हाला?" मग बसला. नाताळ तेवढा बघाल म्हणाला.

त्याच आठवड्यात कॉलेजचं पत्र आलं. सोबत एक छापील पत्रक: नाव कमावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजसाठी काय काय करावं. गरीब मुलांच्या शिक्षणाला पैसे द्यावेत, नव्या मुलांना वर्षभर आपल्या पंखाखाली घ्यावं, येऊन व्याख्यान द्यावं, सभागृहातल्या खुर्चीवर आपलं नाव घालून घ्यावं. ब्रीदी, हे सगळं मी करून बसले आहे. खुर्चीसुद्धा. माझ्या नावावर आता कुणीतरी च्युइंगम चिकटवलंय. द्यायचं एकच राहिलं होतं, ते पत्रकात नव्हतं.

मी माझं शरीर कॉलेजच्या ॲनॉटॉमीच्या हॉलला दिलं आहे. मी गेल्यावर पहिल्या वर्षाची मुलं त्यावर शिकतील. दोन वर्षं, फार तर तीन. सही झाली.

ओरडू नकोस, शेवटपर्यंत वाच. सही माझी असली तरी मी गेल्यावर कॉलेजला फोन तुला करावा लागेल. माझं सगळ्यांत जवळचं माणूस तू. तो फोन लगेच झाला नाही तर सहीचा काही उपयोग नाही. म्हणून विचारते: करशील?

मी घाबरले आहे, ब्रीदी. चाळीस वर्षं लोकांच्या उशाशी उभी राहून "घाबरू नका" म्हणत आले. आता दुपारी जरा डोळा लागला की दचकून उठते आणि आपलेच पाय चाचपून बघते.

तुझी,
सेप्टा


किलब्रॅक, मेयो,
२१ सप्टेंबर

सेप्टा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि ब्रेडच्या डब्याखाली ठेवलं, जसं काही तिथून ते बाहेर येणारच नाही. पहिल्या पानावर रडू आलं. दुसऱ्या पानावर रडणं थांबलं आणि तुझा राग आला.

तू डॉक्टर, मी पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकलेली बाई. तुला शहाणपण शिकवायची माझी लायकी नाही. पण आपल्याकडे मेलेल्या माणसाला एकटं सोडतात का ग? आई गेली तेव्हा जमिनीत जाईपर्यंत खोलीत कुणी ना कुणी होतंच. तू चहा टाकायला उठलीस की मी बसायचे, मी उठले की आपला भाऊ, मार्टिन. मार्टिनच्या वेळेला तर अख्खं गाव होतं. तुझ्या त्या हॉलमध्ये कोण बसणार तुझ्याजवळ? तुला गार कपाटात ठेवतील, दार लावतील आणि घरी जाऊन जेवतील. हे डोळ्यांसमोर आलं की मी ताट बाजूला सारते.

आणि तू गेल्यावर घरी येणाऱ्या लोकांना काय सांगू? शेजारची मिसेस गिल्डे हॅमचं सँडविच हातात घेऊन विचारणार, "ब्रीदी, सेप्टा दिसत नाही?" मी काय म्हणू? "कॉलेजात गेलीय"? एकाहत्तराव्या वर्षी?

फादर हेनेगनना विचारलं. वाटलं, ते तरी नको म्हणतील. तर म्हणाले, चर्चची काही हरकत नाही, फार उदात्त काम आहे. त्यांना काय जातंय उदात्त म्हणायला! आणि घाईत होते. टीव्हीवर मॅच होती.

फोन मी करणार नाही. तुझी हुशार माणसं आहेत ना तिथे, त्यांना सांग.

मी ठीक आहे. वरच्या खोलीला ओल आलीय, म्हणून चुलीजवळ खुर्चीतच झोपते. पायांना हल्ली मार्टिनचे जुने बूट बरे वाटतात, ऐसपैस. फोन वाजला की छातीत धस्स होतं, ते मात्र तुझ्यामुळे. लोकरीचे मोजे वेगळे पाठवलेत. घाल. उगीच मिरवायला ठेवू नकोस.

ब्रीदी


डब्लिन,
५ ऑक्टोबर

प्रिय ब्रीदी,

मोजे घातले आहेत. तुझं पत्र वाचून हसले आणि मग पोटात कळ आली, तेव्हा यापुढे विनोद जरा बेताने कर.

तू लोकांना भितेस. मिसेस गिल्डे काय म्हणेल, गाव काय म्हणेल. लहानपणापासून तुझं हेच. तिच्या सँडविचसाठी मी माघार घेणार नाही, हे आधीच सांगते.

मी हे का करते आहे ते तुला कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका टेबलाभोवती आम्ही सहा जण होतो, पाच मुलगे आणि मी. टेबलावर एक बाई होती. साठीची असेल. नाव आम्हाला सांगत नसत. तिच्या बोटाच्या टोकावर सुई टोचून टोचून चरबट झालेली जागा होती, म्हणून मी मनाशी ठरवलं, ही शिवणकाम करत असणार. मुलगे थट्टा करायला लागले की मी त्या बोटाकडे बघत राहायचे. मी हातात धरलेलं पहिलं हृदय तिचं. त्याच्या झडपा मी बोटाने उघडून पाहिल्या, ब्रीदी, दार किलकिलं करून बघावं तशा. पुढे हजारो लोकांच्या छातीला ऐकायची नळी लावली, पण प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे तिचंच हृदय असायचं. मी कॉलेजला पैसे दिले, व्याख्यानं दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मला शिकवलं त्या बाईने. तिच्या जागी आता कुणीतरी गेलं पाहिजे.

आणि ती जागा कशी असते हे मला माहीत आहे, भीती त्याचीच आहे. तू कपाटाला घाबरतेस, मी टेबलाला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिग्नस आपल्याला अंगात झगा घालून अंघोळ करायला लावायच्या, स्वतःचं अंगसुद्धा स्वतः बघू नये म्हणून. तीच मी. आता माझ्याभोवती एकोणीस वर्षांची पोरं उभी राहणार. त्या फॉर्मवर सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं होतं.

सही कधीही मागे घेता येते. रोज सकाळी वाटतं, घ्यावी. तुझं पत्र आलं तेव्हा तर क्षणभर हायसं वाटलं. चला, ब्रीदी नको म्हणाली, सुटले. म्हणूनच तुझा होकार मला इतका हवा आहे. माझा एकटीचा टिकेल असा भरवसा नाही.

तुझी,
सेप्टा


किलब्रॅक,
१९ ऑक्टोबर

प्रिय सेप्टा,

मिसेस गिल्डेचं मी गमतीने लिहिलं होतं. तुला गमती कळायच्या बंद झाल्या म्हणजे आजार जास्त आहे.

त्या शिवणकामवालीचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. तिच्याजवळ जागराला कुणी बसलं असेल का, हेच डोक्यात. मग मार्टिनची फिडेल्मा शाळेत शिकवून येताना डोकावली, तिला तुझी दोन्ही पत्रं दाखवली. पोरगी बापावर गेलीय, लगेच फोन उचलला आणि तुझ्या कॉलेजला विचारून मोकळी. ते म्हणाले, एक दिवस घरी ठेवायला हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोचवा.

तेव्हा ऐक. एक दिवस मला दे. घरात, बैठकीच्या खोलीत, माणसांत. मग तुझं कॉलेज तुला नेऊ दे. असं असेल तर मी फोन करीन.

मी स्वतः मॉलॉयकडे जाऊन आले. म्हातारा मॉलॉय गेला, आता त्याचा मुलगा अंत्यविधीचं बघतो. चढावर चार वेळा थांबावं लागलं. शेवटी तोच मागून आला आणि वर घेऊन गेला, शववाहिकेतून! दुसरी गाडी दुरुस्तीला होती. मी पुढे बसले. म्हटलं, "मागे बसायला अजून अवकाश आहे मला." तर म्हणतो, "घाई नाही, मिस गेराटी. मागचं भाडं जास्त आहे."

त्याला सगळं नीट सांगितलं. "एक दिवस घरी, मग डब्लिन. आणि बाकी सगळं नेहमीसारखं. आमच्या आईचं केलंत ना, तसंच. चेहरा झोपलेल्या माणसासारखा दिसला पाहिजे."

"नेहमीसारखं ना?"

"अगदी नेहमीसारखं."

आता तरी तुझ्या जिवाला शांतता मिळाली का? मला काही मिळाली नाही, पण ते जाऊ दे. खुर्चीतही हल्ली तीन उशा लागतात, मान धरते.

ब्रीदी


डब्लिन,
२३ ऑक्टोबर

ब्रीदी,

हे पत्र मिळताच मॉलॉयला फोन कर. नेहमीसारखं नको! जागराच्या आधी तो शरीरात औषध भरतो, सगळेच भरतात, म्हणून तर आई झोपल्यासारखी दिसत होती. कॉलेज ते काम स्वतःच्या पद्धतीने, स्वतःच्या औषधाने करतं. मॉलॉयची सुई एकदा लागली की कॉलेज मला दारातूनच परत पाठवेल. मला कुणी रंगवायचं नाही, टोचायचं नाही. थंड खोली आणि उघडी खिडकी, बस.

एक क्षण वाटलं, तू मुद्दाम केलंस. मग त्याची लाज वाटली. आणि खरं सांगू? थोडं सुटल्यासारखंही वाटलं. इतकी मी शूर.

तुझ्या मनात नक्की काय आहे ते कळावं म्हणून मग तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली. या वेळी बहीण म्हणून नाही, डॉक्टर म्हणून वाचली.

तू खुर्चीत झोपतेस. मार्टिनचे बूट घालतेस, कारण तुझ्या स्वतःच्या बुटांत तुझे पाय मावत नाहीत. चढावर चार वेळा थांबतेस. तीन उशा. बाहेरच्या खोलीत बसलेल्या बाईने यातलं एक वाक्य उच्चारलं असतं तर मी तिला आत बोलावून घेतलं असतं. आणि वरच्या खोलीला ओल कुठून येईल? गेल्या वर्षीच छप्पर नवं घातलंय, मीच कौलं निवडली होती. आडवं झालं की गुदमरतं, म्हणून तू खुर्चीत झोपतेस. हो की नाही?

तुझं हृदय थकलंय, ब्रीदी. पाणी साठतंय. मी हृदयाची डॉक्टर, आणि तू लोकांना भितेस असं लिहून मोकळी झाले.

उद्याच फिडेल्माला घेऊन डॉक्टरकडे जा. परवा नाही. मॉलॉय राहिला तरी चालेल, पण हे राहता कामा नये. स्वतःसाठी मी घाबरले होते, ती भीती मला निदान ओळखीची होती. ही तशी नाही.

सेप्टा


किलब्रॅक,
१२ नोव्हेंबर

प्रिय सेप्टा,

उत्तराला उशीर झाला, कारण मला कॅसलबारच्या हॉस्पिटलात ठेवून घेतलं होतं. फिडेल्माला मीच शपथ घातली होती की तुला कळवायचं नाही. तिच्यावर ओरडू नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा संताप झाला. म्हटलं, ही डब्लिनमध्ये अंथरुणावर पडून माझे बूट तपासते! मग खाली बसले आणि बसल्यावर उठताच येईना.

तिथे एक डॉक्टर पोरगी होती, चेहऱ्याने अजून शाळेतली. मी विचारलं, "तुझ्या आईला माहीत आहे का, तू इथे आहेस ते?" हसली. मग बोलता बोलता तुझं नाव निघालं, तर उभीच राहिली. "डॉक्टर गेराटी तुमच्या बहीण? त्यांनी मला शिकवलंय! त्यांच्या घरी स्ट्यू खाल्लाय मी!" आणि मग तिने माझ्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटून किती तरी वेळ ऐकत राहिली. मी श्वास घ्यायलाही भीत होते. तेव्हा मला तुझ्या त्या शिवणकामवालीची आठवण झाली. एवढंच सांगते, जास्त मला लिहिता येत नाही.

औषधांनी पाणी उतरलंय. माझे स्वतःचे बूट पायात आहेत. पण पुढचं विचारलं, किती वर्षं, तेव्हा त्या पोरीने खुर्ची ओढली आणि बसली. मी लगेच ओळखलं. तूच शिकवलंयस ना त्यांना.

आता खरं सांगते. जागराचं खरं होतं, पण अर्धं. उन्हाळ्यापासून मला आतून कळत होतं की माझं काही खरं नाही. आणि तुझ्या पत्रात आलं, दोन वर्षं, फार तर तीन. सेप्टा, तोवर मी नसेन. त्यांचं शिकून होईल, आणि कॉलेजातून इथे फोन येईल, "तुमच्या बहिणीला न्यायला या." आणि तो फोन या स्वयंपाकघरात वाजत राहील. चूल विझलेली, मी नाही, आणि ते वाट बघून फोन ठेवतील. मग तुला कुठे तरी अनोळखी माणसांत पुरतील, आई इथे, मी इथे, मार्टिन इथे, आणि तू तिथे. लोकांची भीती नव्हती ग. ही होती. लिहायची लाज वाटली, कारण लिहायचं म्हणजे माझंही सांगणं आलं.

बोर्डिंगात नाताळच्या सुट्टीला सगळ्या मुलींच्या घरचे येऊन गेले, आणि बाबांची घोडागाडी यायला अंधार पडला, आठवतं? तू पायरीवर ट्रंकेवर बसली होतीस, सात वर्षांची. रडत नव्हतीस. नुसती मला विचारत होतीस, "येतील ना?" मी म्हटलं, "येतील." मला काही माहीत नव्हतं. पण मी होते ना तिथे.

मॉलॉयला "नेहमीसारखं" नको म्हणून सांगितलंय. "मग मी करायचं तरी काय?" म्हणतो. म्हटलं, "गाडी धू आणि सावकाश चालव."

फोन मी करीन. जिवंत असेन तर.

तुझी,
ब्रीदी


डब्लिन,
२४ नोव्हेंबर

प्रिय ब्रीदी,

हे फिडेल्मालाही वाचून दाखव. अक्षर सांभाळून घे, हात दमतो.

गुरुवारी ती मला घेऊन येते आहे. हॅल्पिनने औषधं आणि कागद दिले आहेत, तुमच्या गावची नर्स रोज येईल. बैठकीच्या खोलीत माझी खाट टाक, म्हणजे फिडेल्माला टाकू दे, तू हात लावू नकोस. शेजारी तुझी खुर्ची, उशांसकट. माझी भीती गेलेली नाही. काल औषध आणणाऱ्या मुलाने दार वाजवलं तर किंचाळले. पण तिथे निदान दोघी मिळून भिऊ. तू मला तुझे पाय दाखव, मी तुला माझं पोट दाखवते. सिस्टर बेनिग्नस बघत नाहीत.

एक गोष्ट आधी सांगितली नव्हती. नाताळात कॉलेजचं ते ऑफिस बंद असतं. त्या आठवड्यात गेले तर घेणार नाहीत. तसं झालं तर हट्ट करू नका, मला सरळ आईजवळ ठेवा. तू त्यासाठी चर्चमध्ये मेणबत्त्या लावत असशील तर कळेल मला.

आता नीट ऐका.

हिरवा कोट मिसेस गिल्डेला. दर उन्हाळ्यात ती त्याचं कापड चाचपून बघते.

माझी नळी कॅसलबारच्या त्या पोरीला. तिचं नाव विचारून घे, मला आठवत नाही आणि त्याचं वाईट वाटतं. तिला म्हणावं, डोळे मिटून ऐकते ते बरोबर करते.

पुस्तकं कुणालाही देऊ नका, जुनी झाली, त्यातलं निम्मं आता खोटं ठरलंय. स्ट्यूचं मोठं भांडं मात्र हॅल्पिनला. हिवाळ्यात दोन नव्या मुलांना जेवू घालायचं, असं कबूल करून घेतलंय.

माझी राहती जागा फिडेल्माला, घड्याळ तिच्या लेकीला, नॉरीनला.

आता मी.

पहिला दिवस ब्रीदीला. खोलीत सतत कुणीतरी असू दे. खिडकी उघडी, चेहरा जसा असेल तसा. ब्रीदीने बसायचं, पण दमली की उठायचं आणि आळीपाळीने बाकीच्यांनी बसायचं.

दुसऱ्या दिवसापासून पहिल्या वर्षाच्या मुलांना. फोन ब्रीदी करील, तिला जमलं नाही तर फिडेल्मा.

त्यांचं झालं की उरलेलं पुन्हा घरी. ब्रीदी, तू असलीस तर मला घ्यायला पुढच्या सीटवर बसून यायचं. नसलीस तर काळजी करू नकोस. कॉलेजच्या कागदावर आपल्या घराचा नंबर होता, तो मी काल खोडून घेतला. तिथे आता फिडेल्माचा नंबर आहे, खाली नॉरीनचा, आणि त्याच्याही खाली मॉलॉयच्या कचेरीचा, कारण ती काही बंद पडायची नाही.

फिडेल्मा, हे तुझ्यासाठी. फोन कधी येईल सांगता येत नाही. शाळेत वर्गावर असशील, बाजारात असशील. आवाज अनोळखी असेल, माझं पूर्ण नाव घेईल, आणि विचारेल, या तुमच्या कोण?

आत्या, म्हणून सांग. आणि सांग, निघालो आम्ही.

तुझी,
सेप्टा